तिथीची पाऊणपट

(दृश्य: मरीन ड्राइव्ह, दुपारची भरती. लाटा टेट्रापॉडवर, म्हणजे काठावर रचलेल्या चौपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, फुटतायत.)

मुंबईत पहिल्यांदा आलेला पाहुणा समुद्र बघायला इथे येतो. समोर गढूळ पाणी, टेट्रापॉडच्या फटीत शिरणारे खेकडे, डोक्यावर घारी आणि कावळे. चण्याची पुडी संपते तोवर त्याचं मत पक्कं झालेलं असतं: मुंबईत बघण्यासारखे प्राणी काय ते बोरिवलीच्या जंगलात. तिथे बिबटे आहेत हे खरंच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे, पण त्यात बिबट्या समोर येणं हा नशिबाचा भाग. किनाऱ्यावरचे प्राणी मात्र वेळ ठरवून भेटतात. फक्त ती वेळ पाणी ठरवतं.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, तिथीवर बोट.)

हिशेब जुना आणि सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं वेळापत्रकही बघावं. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेही ध्यानात असू द्या.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि खडक अर्धेमुर्धेच उघडे पडतात. रविवार सोयीचा म्हणून त्या दिवशी गेलेले लोक हात हलवत परत येतात. अमावास्या-पौर्णिमेनंतरची प्रतिपदा, द्वितीया धरा. उधाणाचं पाणी तेव्हा सगळ्यात खाली जातं, आणि द्वितीयेची ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमाराला येते.

(दृश्य: हाजी अलीचे खडक, उतरतं पाणी.)

ओहोटीच्या तासभर आधी खडकावर पोचायचं आणि उतरत्या पाण्यामागे चालायचं. चपला नकोत. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट घाला, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. हिरव्या शेवाळावर पाय ठेवला की घसरलाच. कालवं फोडायला आलेल्या बायका कुठून चालतात ते बघा आणि त्याच वाटेने जा.

आता एका डबक्यापाशी बसा. परातीएवढं डबकं पुरे. पहिली दोन मिनिटं त्यात काहीच नसतं, कारण तुमची सावली पडलेली असते. मग एक शंख चालू लागतो. आत खेकडा आहे. शंख त्याचा नव्हे, मेलेल्या गोगलगायीचा. त्याचं पोट मऊ असल्यामुळे त्याला हे उसनं घर लागतं. हात पुढे केला की तो आत सरकतो आणि नांग्यांनी दार लावून घेतो. रिकामे शंख पिशवीत भरून नेणाऱ्यांना सांगायचं ते हेच: ही त्याची पुढची घरं आहेत.

शेजारी हिरवट बटणांची गोधडी अंथरल्यासारखी दिसते, ती झोअँथिड या प्रवाळाच्या नात्यातल्या जिवांची वसाहत. पाण्यात असताना बटणं उमलतात, उघडी पडली की मिटतात. बोट लावू नका, काही जातींत जहाल विष असतं. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात काही मिनिटांत वाळतात. याच पट्ट्यात प्रवाळही आहेत. 2020 मध्ये सागरी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीचे काही प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले होते.

पाणी वळलं की निघायचं, ‘अजून पाच मिनिटं’ करायचं नाही. सहा तासांच्या चढीत तिसऱ्या आणि चौथ्या तासातच निम्मं पाणी चढतं, आणि ते बऱ्याचदा आधी तुमच्या मागच्या खोलगट भागात भरतं.

पावसाळ्यात, विशेषतः गणपतीच्या सुमारास, वाळूत पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आणि वाहत आलेल्या ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे डंख मारणारे निळे जीव) असतात. पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरून दवाखाना गाठा.

(दृश्य: शिवडी, सकाळ. चिखल, तिवरं, मागे अटल सेतू हा सागरी पूल.)

खाडीचा हिशेब उलटा. इथे चढतं पाणी हवं. चिखलावर निवटी पंखांवर रेटत उड्या मारते. मासा असून ती ओल्या कातडीतूनही श्वास घेते. तिवराचं पान जिभेला लावा, खारट लागेल. झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकतं.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. साधारण नोव्हेंबर ते मे. चोच उलटी धरून, जिभेने पाणी आत-बाहेर करत ते चिखलातलं सूक्ष्म शेवाळ गाळतात. ठाणे खाडी 2015 मध्ये त्यांचं अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ऐरोलीहून होडीही निघते. तिची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते.

पूर्ण ओहोटीला हे पक्षी लांब चिखलात गुलाबी रेघेसारखे दिसतात. भरतीच्या दोन-तीन तास आधी आलात तर चढतं पाणी त्यांना पावलापावलाने काठाकडे ढकलत आणतं. पाणी गुडघ्यावर गेलं की थवा उठतो आणि नवी मुंबईच्या तळ्यांकडे जातो. ऐन भरतीला पोचलेल्याच्या वाट्याला नुसता पूल.