ऑरलॉक भर उन्हात का फिरतो? ‘नोस्फेराटू’ची हरवलेली रात्र

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका शवपेटीपासून.

1922 सालचा जर्मन मूकपट, ‘नोस्फेराटू’. टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे पुढे आलेले दात आणि लांबच लांब नखं असा हा काउंट ऑरलॉक, म्हणजे रक्त पिणारा व्हॅम्पायर. जहाजातून विसबोर्ग गावात उतरतो आणि स्वतःची शवपेटी काखेत घेऊन सुनसान रस्त्यांवरून चालत सुटतो. कॉलेजात असताना मी हा प्रसंग एका काळ्या-पांढऱ्या प्रतीत पाहिला आणि चक्रावलो. भिंतींवर चक्क ऊन पडलेलं! आणि शेवटी हाच ऑरलॉक सूर्याच्या पहिल्या किरणाने मरतो. मग दिवसाढवळ्या गावभर हिंडला कसा?

दिग्दर्शक मुर्नाऊची चूक आहे, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. खोट होती ती मी पाहिलेल्या प्रतीत.

त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा. रात्री बाहेर शूटिंग करायचं तर सगळा रस्ता दिव्यांनी उजळायला हवा. म्हणून शूटिंग दिवसाच उरकायचे आणि प्रिंट तयार झाली की तिचे तुकडे रंगाच्या पाण्यात बुडवायचे. रात्र निळी, दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर, पहाट गुलाबी. पडदा निळा झाला की 1922च्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे, रात्र झाली. तो निळा काढून घेतला, की ऑरलॉक उन्हात उभा.

मग हा निळा गेला कुठे? त्यासाठी कोर्टात जावं लागेल.

सिनेमा काढला ‘प्राणा-फिल्म’ या कंपनीने. हो, आपला ‘प्राण’च. कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, आल्बिन ग्राऊ, गूढविद्येच्या नादातला माणूस. सिनेमाची वेशभूषा, सेट, ऑरलॉकचं रूप, सगळं त्याच्या डोक्यातून आलेलं. गोष्ट मात्र ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वरून उचललेली, तीही परवानगी न घेता. ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, लंडनच्या जागी जर्मन गाव आणलं, तरी पहिल्या पाट्यांमध्ये स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख होताच. स्टोकर 1912 साली वारले होते. त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी दावा लावला. तोवर कंपनीचं दिवाळं वाजलेलं, भरपाई मिळणार कुठून? 1925 साली कोर्टाने हुकूम दिला: सगळ्या प्रती नष्ट करा.

मला इथे फ्लोरेन्सबाईंना खलनायिका ठरवायचं नाही. नवऱ्याच्या पुस्तकावर त्यांचा हक्क होता आणि तो मारला गेला होता. पण ‘प्राणा’चा हा एकुलता एक सिनेमा जळून गेला असता, या विचाराने आजही माझ्या पोटात खड्डा पडतो. आपल्याकडच्या मूकपटांचं काय झालं ते ठाऊक आहे ना? मोजकेच हाती लागले.

‘नोस्फेराटू’ वाचला, कारण काही प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या. पुढे प्रतीवरून प्रत निघत गेली, तीही काळ्या-पांढऱ्या फिल्मवर, आणि रंग उडाला. पॅरिसच्या सिनेमा-संग्रहालयात मात्र 1922ची एक रंगवलेली प्रत टिकून होती. तिच्या आधाराने 2005-06मध्ये जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने सिनेमा पुन्हा उभा केला. रात्र परत आली.

आणि या सिनेमाला रात्र हवीच. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा नियम आज पोराटोरांना पाठ आहे, तो इथून आला. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते. तो मरतो गळ्यावर कुकरी आणि छातीत सुरा बसून. मुर्नाऊच्या सिनेमात शस्त्र नाही. एलन नावाची बाई त्या पिशाचाला कोंबडा आरवेपर्यंत स्वतःजवळ अडकवून ठेवते, तिचा जीव जातो, आणि खिडकीतून ऊन येतं.

त्याच्या आधीचा जिना नीट बघा. (पडद्यावर: जिन्याचं दृश्य.) ऑरलॉक चौकटीत नाहीच. भिंतीवर नुसती सावली चढते, पाठीत वाकलेली. दारापाशी आली की हात लांबतो, बोटं फाकतात. पुढच्या खोलीत त्या हाताची सावली एलनच्या पांढऱ्या कपड्यांवरून सरकत छातीवर येते, आणि मूठ आवळली जाते. बाई कळवळते. स्पर्श कुणीच केलेला नाही!

कादंबरीत स्पष्ट लिहिलंय की ड्रॅक्युलाला सावलीच पडत नाही. मुर्नाऊने नेमकं उलट केलं. माणूस बाहेर ठेवला आणि सावली आत पाठवली. माझ्या मते सगळ्या सिनेमात याहून धाडसी निर्णय दुसरा नाही.

इंटरनेटवर याच्या ढीगभर प्रती आहेत. लावण्याआधी शवपेटीच्या प्रसंगापर्यंत पुढे न्या. रस्ता निळा दिसला, तर मागे येऊन पहिल्यापासून बघा. पांढरा दिसला, तर ती प्रत बंद करा आणि दुसरी शोधा.