कल्चर निगेटिव्ह, आग मात्र तशीच

नमस्कार श्रोतेहो. लघवीला आग, सारखं जाऊन येणं, ओटीपोटात कळ. यावर धने-जिऱ्याचं पाणी घरोघरी ठाऊक आहे, ते मी सांगत बसत नाही. मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. मूत्राशयाला सूज आहे आणि कल्चर निगेटिव्ह आलं, तर पुढे काय, एवढंच आज बोलायचं आहे.

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघणं. रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. पहिली धार सोडायची, मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांत लॅबला पोचवायची. तीही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. पुन्हा सांगते, गोळी सुरू करण्याआधी.

चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणायची आणि दुपारपर्यंत पाटीमागे बसायचं. पहिल्यांदा लघवी आणली ती लोणच्याच्या धुतलेल्या बाटलीत. त्यात तीन-चार प्रकारचे जंतू उगवले, म्हणजे बाटलीतलेच. दुसऱ्यांदा नीट डबीत आणली, तर काहीच उगवलं नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, भरपूर, शिवाय रक्तातल्या तांबड्या पेशी. तोवर अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते. “बाय, रातीला चार-चार वेला उठते,” म्हणाल्या.

पाणी किती पिता, विचारलं. पीतच नव्हत्या. बाजारातलं बायकांचं शौचालय कायम कुलूपबंद! मला याचा फार राग येतो. गाळ्यांचं भाडं वेळेवर वसूल होतं, मग त्या कुलपाची किल्ली का सापडू नये? आमच्या स्टेशनांवरही तेच. असो.

बोलता बोलता मावशींनी मानेवरचा जुना व्रण दाखवला. लहानपणी गाठी फुटल्या होत्या म्हणे. तिथे माझं लक्ष थांबलं, कारण मानेच्या अशा गाठी क्षयाच्या असू शकतात. पस आहे आणि कल्चरमध्ये जंतू नाही, तर आपल्याकडे क्षयाचा विचार करायलाच हवा. क्षयाचा जंतू साध्या कल्चरमध्ये उगवत नाही, त्याला वेगळं माध्यम आणि कित्येक आठवडे लागतात. सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी आणा म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, पहाटे मी धक्क्यावर असते. शेवटी तीन दिवस धंदा सुनेवर सोपवला. जीन एक्सपर्टवर, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, क्षयाचा जंतू सापडला. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड झालेली दिसली. क्षयाची औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळाली, सहा महिने चालली. पुढे एकदा बाजारात भेटल्या, तेव्हा रात्री एकदाच उठते म्हणाल्या.

प्रत्येकाला क्षयच असतो असं नाही. कुणाच्या मूत्राशयात लघवी उरते, ती सोनोग्राफीत मोजता येते. कुणाला जंतूंशिवायच दुखतं, त्यांना डॉक्टर तीन दिवसांची लघवीची नोंद लिहायला सांगतात, लागलं तर सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहणं. हनर नावाच्या डॉक्टरांनी 1915 साली वर्णन केलेले लालसर चट्टे त्यातच दिसतात. चाळिशीनंतर लघवीत रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका.

आणि कल्चर निगेटिव्ह आलं तरी त्रास चालूच असेल, तर तो कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. जुना आजार, घरातला क्षय, घेतलेल्या गोळ्या, सगळं सांगा. नमस्कार.