क्रिस्टल फेकू नका

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुन्या आरसी गाड्या: इलेक्ट्रॉनिक्स जुनं ठेवावं की नवं घालावं?’ वेळ पाऊण तास. समोर बऱ्याच जणांच्या मांडीवर खोकी दिसताहेत, म्हणजे गाड्या बरोबर आणल्यात. तेव्हा आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल, इथपासून सुरुवात करायला नको. या खोलीत तरी आरसी म्हटल्यावर कुणी स्कूटरच्या डिकीतून कागद काढणार नाही!

टेबलावरची ही गाडी बघा. तामिया ग्रासहॉपर. तामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. 1976 मध्ये त्यांनी आपली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी काढली, पोर्शे 934, एकास बारा मापाची. त्या मॉडेलसाठी त्यांनी खरीखुरी पोर्शे 911 विकत घेतली होती आणि नटबोल्ट काढून ती पूर्ण सुटी केली होती. मला ही गोष्ट सांगायला फार आवडते. वस्तू कळायची असेल तर उघडून बघायची, मग ती कितीही महाग असो. ग्रासहॉपर आली 1984 मध्ये. एकास दहा माप, ओढ मागच्या चाकांना, मोटर 380 या मापाची. त्या काळातल्या स्वस्त गाड्यांपैकी ही एक, आणि म्हणूनच जगभरातल्या पोरांच्या हातात ती पडली.

आमच्याकडे ती 1986 च्या उन्हाळ्यात आली. मामा जहाजावर होते. सिंगापूरहून येताना त्यांनी गाडीचं खोकं आणलं आणि वेगळ्या खोक्यात रेडिओ. मला वाटलं होतं, खोकं उघडलं की गाडी निघेल. निघाली प्लॅस्टिकची जाळी, स्क्रूच्या पुड्या आणि एक पुस्तिका. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर मामा, दादा आणि मी चार दिवस ती जोडत होतो. मी अकरा वर्षांची. माझ्याकडे काम होतं पुस्तिकेतल्या चित्रावर स्क्रू ठेवून त्याची लांबी जुळवायची. पुढे मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये तीसेक वर्षं काढली, त्याची सुरुवात त्या ओट्यावर झाली, असं मी मानते.

त्या रेडिओला पेन्सिल सेल लागायचे बारा. आठ हातात धरायच्या ट्रान्समीटरमध्ये, चार गाडीतल्या रिसीव्हरला. मोटरला वेगळा 7.2 व्होल्टचा पॅक. आईनं सेलचा हिशोब किराण्याच्या वहीत वेगळा मांडला होता. आता ही चार सेलची भानगड नीट लक्षात घ्या, कारण त्यात एक धोका आहे आणि तो आम्ही भोगला. जुन्या गाडीत वेग कमीजास्त करतो एक सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या हुकमावर आपला हात फिरवणारी छोटी मोटर. सर्व्होचा हात एक पितळी पट्टी फिरवतो, पट्टी तांब्याच्या टिकल्यांवर सरकते, आणि हळू, मध्यम, जोरात असे टप्पे मिळतात. याला मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर म्हणायचं. आता समजा, गाडी पूर्ण वेगात आहे आणि त्याच क्षणी रिसीव्हरचे चार सेल झोपले. सर्व्हो आहे तिथेच थांबतो. मोटरचा पॅक मात्र भरलेला. गाडी तुमचं काही ऐकत नाही! आमची गाडी चौकातून सुसाट निघाली ती थेट नळाच्या हौदावर. हा बघा, पुढच्या बंपरला उजवीकडे तडा आहे. तो त्या दिवसाचा. बंपर नवा मिळतो, मी बदललेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी इथे उभी आहे, तिच्याकडे येते.

1994 मध्ये ट्रान्समीटरमधला एक सेल गळला. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आला. मामांनी एका दुकानात दुरुस्तीला दिला. काम अर्ध्या तासाचं, टर्मिनल साफ करायचं. आठ दिवसांनी सेट परत आला. चालू होत होता, पण गाडी दहा पावलांवर गेली की सर्व्हो थरथरायला लागायचा, बारा पावलांवर सगळं बंद. मामा परत दुकानात गेले. तिथे त्यांना सांगितलं, “जुना माल आहे, यात जीव नाही राहिला, टाकून द्या.” मामांनी टाकला नाही. खोक्यात भरला आणि आमच्या माळ्यावर ठेवला. त्या “टाकून द्या”चा राग मला आजही येतो. वस्तू जुनी आहे, हे तिच्या बिघाडाचं कारण असू शकत नाही. काय बिघडलंय, ते शोधावं लागतं.

2012 मध्ये वाडा पाडायचा ठरला तेव्हा खोकं खाली आलं. मी दुरुस्तीला बसले. आधी ॲंटेनाची तार बघितली. या 27 मेगाहर्ट्‌झच्या रिसीव्हरची तार लांब असते आणि कुणीतरी ती कापून ‘नीटनेटकी’ केलेली आढळते. आमची अखंड होती. मग मोटर. ब्रशच्या ठिणग्यांचा आवाज रिसीव्हरमध्ये शिरतो, म्हणून मोटरला 0.1 मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावतात, दोन टोकांच्या मध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून डब्याला एकेक. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून 104 छापलेले कपॅसिटर आणून लावले. फरक शून्य. ट्रान्समीटरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतील म्हणून तेही बदलले. ड्राय सोल्डर शोधले, सगळे सांधे पुन्हा तापवले. पाच महिने गेले. गाडी दहा पावलांवर अडलेली ती अडलेलीच.

शेवटी एका रात्री टेबललॅम्पखाली भिंग धरून रिसीव्हर पुसत होते. त्यात क्रिस्टल असतो, रेडिओलहर कुठल्या मेगाहर्ट्‌झची ते ठरवणारी पत्र्याची नखाएवढी चपटी डबी, दोन पायांची. डबीवर अक्षरं कोरलेली. धूळ निघाली आणि अक्षरं दिसली: टीएक्स, म्हणजे ट्रान्समीटरचा. रिसीव्हरमध्ये! ट्रान्समीटरचा काढून बघितला, तर त्यावर आरएक्स, म्हणजे रिसीव्हरचा. दुकानात टर्मिनल साफ करताना दोन्ही क्रिस्टल काढले होते आणि बसवताना अदलाबदल केली होती. अठरा वर्षं.

मागच्या रांगेतून हात वर आलाय. बरोबर विचारताय तुम्ही. क्रिस्टल उलटे होते, तर गाडी दहा पावलं तरी चालली कशी? हाच यातला सगळ्यात सुंदर भाग आहे. आमची जोडी पिवळ्या पट्टीची, पट्टीचा रंग म्हणजे चॅनेल. ट्रान्समीटरचा क्रिस्टल 27.145 मेगाहर्ट्‌झ, रिसीव्हरचा 26.690. वजाबाकी करा. 0.455, म्हणजे 455 किलोहर्ट्‌झ. घरातल्या जुन्या रेडिओत जे चालतं तेच इथे. रिसीव्हर आलेल्या लहरीत स्वतःची लहर मिसळतो आणि दोघींमधला फरक तेवढा ऐकतो. त्याला हवा असतो 455 चा फरक. क्रिस्टल उलटे बसवले तरी फरक तोच! म्हणून गाडी ऐकते. पण ट्रान्समीटरची आणि रिसीव्हरची कॉइल जुळवलेली असते 27.145 ला आणि आता लहर निघतेय 26.690 वर. दोन्हीकडे ताकद गळते. शिवाय आपल्यासाठी नसलेल्या जागेवर आपण बोलत राहतो, ते वेगळंच. बाजारात जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या रिसीव्हरमध्ये बहुधा क्रिस्टलच नसतो, त्यामुळे ही गंमत तिथे सापडणार नाही.

मी क्रिस्टल जागच्या जागी लावले. वाड्याच्या जागेवर तोवर खड्डा खणला होता, म्हणून शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गेले. साठ पावलं मोजली, पुढे पार्किंग संपलं. मामांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात. ट्रान्समीटर हातात घेतला आणि अंगठ्यानं स्टिक एवढीशी, अगदी गव्हाएवढी हलवली. गाडीची चाकं वळलेली बघून म्हणाले, “ऐकते गं अजून.”

चिठ्ठी आली. आठ मिनिटं राहिलीत आणि छापलेला विषय अजून सुरू व्हायचाय. ठीक आहे, जरा वेगात घेते.

जुनं की नवं? माझं मत असं: आधी जुन्यावर एकदा चालवा, मग काय हवं ते घाला, पण घातलेलं सगळं परत काढता आलं पाहिजे. तार कापायची नाही, चासीला नवं भोक पाडायचं नाही, गरम गोंद ओतायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर तारीख आणि कुठून काढला ते. क्रिस्टलची जोडी एकाच पिशवीत, पण टीएक्स आणि आरएक्स वेगळ्या कागदात गुंडाळून.

साफसफाई. अल्कलाइन सेल गळला असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर, जुना साधा झिंक-कार्बन असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्पीड कंट्रोलरच्या काळ्या पडलेल्या टिकल्या खोडरबरनं घासा, पॉलिश पेपर नको. गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं झालेलं असतं, ते सगळं काढा. सुट्या भागांची काळजी करू नका. तामियानं 2005 मध्ये ग्रासहॉपर पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे टायर आणि गिअर मिळतात.

नवा रेडिओ. 2.4 गिगाहर्ट्‌झचा सेट घ्या, क्रिस्टल नाही, लांब तार नाही, दहा जण एकत्र चालवू शकतात. आणि तो जुन्या सर्व्होला चालतो, कारण सर्व्होची भाषा बदललेली नाही: दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे मध्य, एक आणि दोन म्हणजे दोन टोकं. फक्त प्लग लावण्याआधी तारांचा क्रम तपासा. काही जुन्या सान्वा सर्व्होंमध्ये प्लस-मायनसची जागा वेगळी आहे, तसंच खुपसलंत तर धूर निघेल. नवा रिसीव्हर, जुने सर्व्हो आणि जुना मेकॅनिकल कंट्रोलर हा माझा आवडता मधला मार्ग. गाडी दिसते तशीच, टप्प्यांचा तो खटक-खटक आवाजही राहतो. पण रिसीव्हरचे चार सेल दर वेळी ताजे घाला. हौद आठवा.

इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर का घालावा? जुन्या पद्धतीत हळू चालवणं म्हणजे उरलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळणं. समजा पाव ओहमच्या रेझिस्टरमधून 10 अँपिअर गेले, तर 25 वॉट उष्णता. तुमचा साधा सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचा असतो. म्हणून तो रेझिस्टर हवा लागेल अशा जागी बसवतात आणि चालवून झाल्यावर त्याला हात लावायचा नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर वीज तोडून तोडून देतो, गरम कमी होतो, आणि त्यातला बीईसी, म्हणजे वेगळ्या सेलची गरज संपवणारं सर्किट, रिसीव्हरलाही वीज पुरवतो. चार सेल गेले, पळून जाणंही गेलं. ब्रशवाल्या मोटरचाच घ्या. हॉबीविंगचा 1060 यासाठी पुरतो. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर गाडीनं काय करायचं ती सेटिंग, मोटर बंद होईल अशी लावा आणि चाकं वर उचलून, ट्रान्समीटर बंद करून तपासा.

बॅटरी. 7.2 व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक घाला आणि निवांत राहा. दोन सेलचा लिथियम पॉलिमर पॅक भरल्यावर 8.4 व्होल्ट देतो आणि सेलमागे 3 व्होल्टच्या खाली उतरला की खराब होतो. मेकॅनिकल कंट्रोलरला हे कळत नाही, तो शेवटच्या थेंबापर्यंत उपसतो. त्या दोघांची गाठ कधीही घालू नका. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर त्यावरचा बॅटरीचा प्रकार निवडायचा जंपर लिथियमच्या जागी आहे ना, ते बघून मगच. आणि मोटर 380 असेल तर 380 च राहू द्या. चाळीस वर्षांच्या प्लॅस्टिकला तेवढा जोर पुरे.

दोन मिनिटं उरलीत. पहिल्या रांगेतल्यांनी खुर्च्या जरा मागे घ्या. त्या वायरवरून चटई टाका. कुणाकडे 27 मेगाहर्ट्‌झचा सेट चालू असेल तर बंद करा, विशेषतः पिवळी पट्टी. तू ये गं पुढे, मघापासून टेबलाच्या कडेला उभी आहेस. हा धर. आधी ट्रान्समीटर चालू, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी. ॲंटेना पूर्ण ओढ. हां. आता उजवी स्टिक, गव्हाएवढी.