फुटलेली माहिती जुनी होत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून लाखो लोकांची माहिती चोरीला गेल्याची बातमी येते, चार दिवस तिची चर्चा होते आणि मग ती मागे पडते. चोरलेली माहिती मात्र विकली जाते, इतर याद्यांशी जोडली जाते आणि कधी कधी कित्येक वर्षांनी, ते खाते आपण पार विसरून गेल्यावर, आपल्याविरुद्ध वापरली जाते. लिंक्डइनवरील २०१२ सालच्या चोरीत सुरुवातीला सुमारे ६५ लाख पासवर्ड फुटल्याचे समोर आले होते. २०१६ साली त्याच चोरीतील ११ कोटींहून अधिक खात्यांचे तपशील विक्रीला आले. हे पासवर्ड सांकेतिक रूपात साठवलेले होते, हे खरे. पण प्रत्येक पासवर्डला वेगळा यादृच्छिक अक्षरसमूह जोडण्याची खबरदारी घेतलेली नव्हती. त्यामुळे दोन व्यक्तींचा पासवर्ड एकच असेल, तर त्याचे सांकेतिक रूपही एकच राहिले आणि ते उलगडणे सोपे गेले.

अशा यादीतील ई-मेल पत्ता आणि पासवर्ड यांची प्रत्येक जोडी एखादा प्रोग्राम दुसऱ्या संकेतस्थळांवर लावून पाहतो. बहुतेक जोड्या फसतात, पण ज्याने एकच पासवर्ड चार ठिकाणी ठेवला आहे, त्याचे दार उघडते. ट्वेंटीथ्री अँड मी या जनुकीय चाचणी करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत २०२३ साली हेच घडले. इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडण्यात आली आणि एका खात्यातून नात्यातील इतर ग्राहकांची माहिती दाखवणाऱ्या, नातेवाईक शोधण्याच्या सोयीमार्फत सुमारे ६९ लाख लोकांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली. त्यांतील बहुसंख्यांच्या स्वतःच्या खात्याला कोणी हातही लावला नव्हता. अशा वेळी सगळा दोष ग्राहकांच्या निष्काळजीपणावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते. इतकी नाजूक माहिती सांभाळणाऱ्या कंपनीने दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत फोनवरील कोडसारखा दुसरा पुरावाही मागणे, पहिल्या दिवसापासून सक्तीची करायला हवी होती. ती सक्ती चोरीनंतर आली.

माहितीच्या गळतीचा दुसरा परिणाम फोनवर ऐकू येतो. पलीकडची व्यक्ती आपले पूर्ण नाव, जन्मतारीख आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक अचूक सांगते. त्यानंतर ती म्हणते, "तुमच्या खात्यातून पैसे काढण्याचा प्रयत्न चालू आहे, तो थांबवण्यासाठी आत्ता आलेला ओटीपी वाचून दाखवा." तो ओटीपी तिनेच आपल्या खात्यात शिरण्यासाठी मागवलेला असतो. इतके तपशील ठाऊक असलेला माणूस बँकेचाच असणार, असे मनात येणे स्वाभाविक आहे, पण तेच तपशील आज फुटलेल्या याद्यांमध्ये मिळतात. म्हणून असा फोन तिथेच ठेवून द्यावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या बँकेच्या फोन क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

एवढी खाती सांभाळायची, तर सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर नेहमी एकच असते: ई-मेलपासून. इतर बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते. ई-मेलला इतर कुठेही न वापरलेला, लांबलचक पासवर्ड द्यावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि बाकीचे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरकडे, म्हणजे ते सुरक्षित साठवून ठेवणाऱ्या ॲपकडे, सोपवावेत. खात्यात कोणी शिरल्याची शंका असेल, तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नये. सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का, हे पाहावे आणि अनोळखी उपकरणांवरून खाते लॉगआउट करावे. तो नियम तसाच राहिला, तर पासवर्ड बदलल्यानंतरही आपले प्रत्येक पत्र चोराकडे जात राहते.