प्रबंधाची वाट बघणारं कुणीतरी हवं

मित्रहो, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण नोकरी सांभाळून संशोधन करताहेत. काही जण विभागातच शिकवतात, पेपर तपासतात, आणि चर्चासत्र असलं की त्याची धावपळही तुमच्याच गळ्यात पडते. ‘वेळच मिळत नाही’ हे मी सतत ऐकते आणि ते खरंच आहे. पण वेळ कमी असणं ही एक गोष्ट झाली. जो थोडाफार वेळ हाताशी आहे तोही प्रबंधाच्या वाट्याला येत नाही, ही दुसरी. मला आज या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

आठवड्याभराच्या कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा: हे आज झालं नाही तर उद्या फोन कुणाचा येईल? तासाला गेलो नाही तर विद्यार्थी ताटकळतात. गुण वेळेत भरले नाहीत तर परीक्षा विभागातून निरोप येतो. ऑफिसचा अहवाल रखडला तर साहेब टेबलापाशी येऊन उभे राहतात. यादीत प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणापुढची जागा मात्र कोरीच राहते. सहा महिने ते जागचं हललं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणून ते मागे पडतं. यात आळसाचा भाग फार थोडा असतो, असं माझं ठाम मत आहे. उलट शब्दाला जागणारी माणसंच जास्त अडकतात, कारण दुसऱ्याला दिलेला शब्द ती आधी पाळतात.

तेव्हा प्रबंधाची वाट बघणारं कुणीतरी मुद्दाम निर्माण करावं लागतं. मार्गदर्शकांना ‘काही झालं की दाखवतो’ असं सांगून उठू नका. पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवा आणि त्या दिवशी काय घेऊन येणार तेही बोला. ‘प्रकरण आणतो’ म्हणू नका, ‘नमुना निवडीची चार पानं आणतो, कच्ची असतील’ असं म्हणा. घरी गेल्यावर जे ठरलं ते दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा. मार्गदर्शकांच्या हाताखाली बरेच विद्यार्थी असतात, त्यामुळे तो मेल त्यांनाही उपयोगी पडतो. मार्गदर्शक फार व्यग्र असतील तर दोन-तीन सहसंशोधकांनी ठरावीक वारी एकमेकांना पानं पाठवायची. विषय वेगळे असले तरी चालतं. पानं आली नाहीत की ‘का नाही आली?’ असं विचारणारं कुणीतरी असलं की पुरे.

आता अंदाजांबद्दल. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात ज्यांचे प्रबंध पूर्ण झाले त्यांना सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. अंदाज बांधताना माणूस पुढे काम कसं होईल याचं चित्र रंगवतो, पण मागचं काम कसं झालं होतं ते जमेस धरत नाही, असं या संशोधकांचं म्हणणं. म्हणून दुसरं प्रकरण लिहायला किती महिने लागले ते जुन्या फाइलींच्या तारखा काढून बघा आणि चौथ्यासाठी तेवढेच धरा. हाताशी असलेल्या महिन्यांतून परीक्षांचा काळ आणि ऑफिसमधला वर्षअखेरीचा काळ सरळ वजा करा. त्या दिवसांत लिखाण होणार नाही हे आधीच मान्य केलं की निदान रोज मनाला खात बसावं लागत नाही.

राहिले मधलेच सुटे तास. ‘अर्ध्या-पाऊण तासात काय होणार?’ असं वाटतं, कारण त्यातला निम्मा वेळ आपण कुठे होतो हे आठवण्यातच जातो. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. पुढे २०१८ साली थेरेसा ग्लोम यांच्याबरोबर केलेल्या कामात असं आढळलं की उठण्याआधी आपण कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं, तर पुढच्या कामात मन जास्त लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतली नोंद सांगते: ‘तक्ता ४ मधली बेरीज जुळत नाही, मूळ प्रश्नावली १२ ते १९ पुन्हा बघणे. सातव्या मुलाखतीतला कर्जाचा उतारा पुढच्या विभागात हलवणे. सुरुवात इथून: पण स्त्रियांची उत्तरं वेगळी दिसतात, कारण...’ वाक्य तिनं मुद्दाम अर्धवट सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी बसली की ते पूर्ण करायचं आणि पुढे निघायचं.

विभागातल्या कामांबद्दल थोडं स्पष्टच बोलते. ज्या कामातून प्रबंधाला काही मिळतं ते घ्या. आपल्या विषयाजवळचा पेपर शिकवायला मिळत असेल तर जरूर शिकवा, वर्गात समजावताना आपल्याच मांडणीतल्या फटी दिसतात. स्वागत समिती, स्मरणिका, सूत्रसंचालन यांतलं वर्षाला एक पुरे. ‘या सत्रात प्रकरण द्यायचं आहे, पुढच्या सत्रात नक्की करीन’ हे उत्तर कुणालाही देता येतं. आणि समोर बसलेल्या विभागप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे: नाही म्हणता येत नाही म्हणून संशोधक विद्यार्थ्यांवर कामं टाकू नका. कामाचं वाटप नीट होतंय ना, हे बघणं तुमचं काम आहे, त्यांचं नव्हे.

आइनस्टाइननं १९०५ साली झुरिक विद्यापीठाला प्रबंध सादर केला तेव्हा तो बर्नच्या पेटंट कार्यालयात पूर्णवेळ नोकरीला होता. हे नाव घेऊन तुमच्यावर दडपण आणायचं नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. त्या प्रबंधाच्या आकडेमोडीत एक चूक राहिली होती आणि तिची दुरुस्ती छापून आली १९११ साली. अजून एक संदर्भ बघू, अजून एक मुलाखत घेऊ, असं करत नोकरीतली रजा संपवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रजा वाचनासाठी खर्च करू नका, ती शेवटासाठी राखून ठेवा. संदर्भसूची जुळवणं, तक्त्यांचे क्रमांक, शुद्धलेखन, साहित्यचौर्य तपासणी, सह्यांसाठीचे हेलपाटे, यांतल्या काही कामांना ऑफिसच्या वेळातच हजर राहावं लागतं. आणि पूर्ण मसुदा मार्गदर्शकांच्या हातात पडल्यापासून तो परत येईपर्यंत जे आठवडे जातात, ते वेळापत्रकात आजच मांडून ठेवा.