सालामांकाचा चौक

चौक म्हटलं की आपल्याला चार रस्ते मिळतात ती जागा आठवते. आज ते बाजूला ठेवा आणि वाड्यातला चौक डोळ्यांसमोर आणा: चहूबाजूंनी इमारत, मधे मोकळं आकाश. स्पेनमधल्या सालामांका शहराचा ‘प्लासा मायोर’, म्हणजे थोरला चौक, त्याच जातीचा आहे. फक्त तो अख्ख्या गावाचा आहे.

खाली ८८ कमानींच्या ओवऱ्या आणि वर तीन मजले. सगळं इतकं एकसारखं, की चौक काटकोनात आखलेला असणार असंच वाटतं. प्रत्यक्षात चारही बाजू कमीजास्त लांबीच्या आहेत. आधीच वसलेल्या गावात जागा मिळेल तशी घ्यावी लागली. आल्बेर्तो दे चुरिगेरा या वास्तुकाराने १७२९ साली काम सुरू केलं. दोन बाजू उभ्या राहिल्या, पण उरलेल्या बाजूंच्या घरमालकांनी विरोध केला आणि काम १७५० पर्यंत रखडलं. पुढे आंद्रेस गार्सिया दे किन्योनेस याने उत्तरेचं नगरभवन बांधलं आणि १७५५ मध्ये चौक पुरा झाला. मला या वाकडेपणाचं फार अप्रूप आहे. चुरिगेराने एका लयीतल्या कमानींनी तो असा सावरला, की मुद्दाम मोजल्याशिवाय कळत नाही.

दगड जवळच्याच व्हियामायोर गावचा. खाणीतून काढला की ओला असतो आणि इतका मऊ, की त्यावर नक्षी सहज कोरता येते. वाळत जातो तसा टणक होतो. त्यातल्या लोहामुळे त्याला सोनेरी छटा येते. संध्याकाळी उन्हं कलली की भिंती मधासारख्या दिसतात. त्या वेळी गावातली माणसं ‘घड्याळाखाली भेटू’ म्हणतात, म्हणजे नगरभवनाच्या घड्याळाखाली.

आता मान वर करा. दोन कमानींच्या मधे दगडी गोल चकत्या आहेत आणि त्यांत चेहरे कोरलेत. पूर्वेच्या बाजूला स्पेनचे राजे. त्यांच्याच रांगेत हुकूमशहा फ्रँकोही होता. २०१७ मध्ये त्याची चकती काढून टाकली. माझ्या मते ते योग्यच झालं. चौकात रोज वावरणाऱ्यांनी कोणाकडे मान वर करून पाहायचं, हे त्यांनीच ठरवायला हवं.

एका चकतीत ड्यूक ऑफ वेलिंग्टन आहे. जुलै १८१२ मध्ये याच शहराबाहेर, आरापिलेसच्या टेकड्यांजवळ, त्याने फ्रेंचांचा पराभव केला. आपण त्याला ओळखतो ते आर्थर वेलस्ली म्हणून. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवणारा तो हाच. सालामांकात तो फ्रेंचांच्या तावडीतून सोडवणारा मुक्तिदाता म्हणून भिंतीवर आहे. असईच्या रणात आपली माणसं पडली, त्यांचे चेहरे कुठल्याच दगडावर नाहीत. त्या कमानीखाली उभं राहिलं की मला आधी तीच आठवतात.

चौकातल्या काही चकत्या मात्र अजून कोऱ्या आहेत.