फायनल न खेळता

1974 चा सप्टेंबर. आपल्या पुण्यात टेनिसच्या डेव्हिस कपची सेमीफायनल, समोर सोव्हिएत युनियन. अमृतराज बंधूंच्या टीमनं 3-1 नं मारली आणि भारत फायनलला. फायनलला समोर आली दक्षिण आफ्रिका, आणि भारतानं सांगून टाकलं, वर्णभेद करणाऱ्या देशाशी खेळणार नाही म्हणजे नाही. वॉकओव्हर. कप त्यांच्याकडे गेला, आपल्याला तो आजपर्यंत मिळालेला नाहीये, त्या पोरांना काय वाटलं असेल विचार करा.

पण हे काही एका रात्रीत ठरलेलं नव्हतं. नगर रोडला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची समाधी आहे ना, त्याच बा 1913 ला दक्षिण आफ्रिकेत 3 महिने सक्तमजुरी भोगून आल्या होत्या, का तर तिथलं कोर्ट भारतीय लोकांची लग्नंच मानायला तयार नव्हतं. मग 1946 ला, अजून स्वातंत्र्य मिळायचं होतं बरं का, तेव्हाच भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला आणि यूएनमध्ये विजयालक्ष्मी पंडितांनी तिथल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा विषय लावून धरला. 1967 ला एएनसीला, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या नेल्सन मंडेलांच्या पक्षाला, दिल्लीत ऑफिस दिलं, तेव्हा मंडेला जेलमध्ये होते आणि ते कधी सुटतील हे कुणालाच माहीत नव्हतं.

गरीब देशाची सॉफ्ट पॉवर मला तरी इथंच दिसते. पैसा नाही, दबदबा नाही, पण स्वतःचं नुकसान करून कुणाच्या तरी बाजूनं उभं राहिलात की ते लोक विसरत नाहीत. 1990 ला मंडेला सुटले आणि त्याच वर्षी भारतात आले, भारतरत्न घेतलं. 10 नोव्हेंबर 1991 ला वर्णभेदामुळे आलेली बंदी उठलेली दक्षिण आफ्रिकेची क्रिकेट टीम पहिली मॅच खेळली ती ईडन गार्डन्सवर, आपल्याशी.

आणि ऑक्टोबर 2020 मध्ये, कोविडच्या लशी-औषधांवरचे पेटंटचे नियम तात्पुरते बाजूला ठेवा असा प्रस्ताव डब्ल्यूटीओमध्ये, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, मांडला तो भारत आणि दक्षिण आफ्रिका याच दोघांनी मिळून.

नंतर जानेवारीत पुण्याजवळच्या मांजरीहून, सीरम या लस बनवणाऱ्या कंपनीतून, पूजा करून भल्या पहाटे लशीचे ट्रक निघाले, आधी देशासाठी, मग 20 तारखेपासून भूतान, मालदीव आणि पुढं आफ्रिकेतही लस गेली, पुणेकर म्हणून ऊर भरून आला होता. पण मग दुसरी लाट आली, आपल्याकडेच माणसं तडफडत होती, निर्यात थांबली, आणि आफ्रिकेत कितीतरी जण पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट बघत बसले.